बीपी-साखरेच्या चाळणीतून निसटणारी किडनी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जगभर किडनी निकामी होण्यामागे मधुमेह आणि रक्तदाब ही मोठी कारणे झाली, तशी आपली सरकारी तपासणीही त्यांच्याभोवतीच उभी राहिली: बीपी, साखर, फार तर लघवीची पट्टी. ती हवीच. पण 2002 साली मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी किडनी निकामी झालेल्या ज्या रुग्णांची नोंद केली, त्यांतल्या बहुतेकांना यातले काहीच नव्हते. होते ते शेतमजूर पुरुष. पुढे निकाराग्वात चिचिगाल्पाच्या ऊसतोड मजुरांतही तेच दिसले. श्रीलंकेचा उत्तर-मध्य प्रांत आणि आंध्रातले उद्दानम हीही त्याच यादीतली नावे. कारणांवर वाद आहे, तरी मध्य अमेरिकेपुरता मुख्य संशय भर उन्हातले कष्ट आणि अंगातले पाणी आटणे यावरच आहे.

या आजारात लघवीतून प्रथिने फारशी जात नाहीत, त्यामुळे पट्टी 'निल' दाखवते. कळते ते क्रिएटिनिनवरून (स्नायूंतून रक्तात येणारा, किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ), आणि तोही आकडा नुसता वाचला तर फसवतो. चाळिशीच्या बाईचे क्रिएटिनिन 1.2 आले की अनेक लॅबच्या कागदावर ते नॉर्मल ठरते. वय आणि लिंग धरून किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढणाऱ्या 2021 च्या सूत्रात घाला: तो साधारण 59 येतो, म्हणजे 60 या धोक्याच्या रेषेखाली. त्याच वयाच्या पुरुषाला त्याच आकड्यावर 78 मिळतात. त्यातून अंग हडकुळे असेल तर स्नायू कमी, क्रिएटिनिनही कमी तयार होते; खरी अवस्था कागदापेक्षा वाईट असू शकते.

आता आपला ऊसतोडीचा फड बघा. कोयत्यातली, म्हणजे नवरा-बायकोच्या तोडणी जोडीतली, बाई डोक्यावर मोळ्या वाहते आणि आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळते. अंग ठणकले की डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी. पाणी आटलेल्या शरीरात हीच गोळी किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळते. आजार इथे आहेच, असा आमचा दावा नाही. पण पट्टीवर विसंबून 'नाही' म्हणू नका.

बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोड टोळ्या निघण्याआधी गावातच क्रिएटिनिन तपासा, हंगाम संपून परतल्यावर पुन्हा. रक्त सकाळी, कामाला लागण्याआधी घ्या. दुपारी फडातून उठवून घेतले तर तात्पुरती वाढ दिसते आणि धडधाकट माणूस रुग्ण ठरतो. आदल्या रात्री मटण नको. रिपोर्टवर ईजीएफआर छापलाच पाहिजे. तो 60 च्या खाली आला तर तीन महिन्यांनी फेरतपासणी, तोवर 'जुनाट' हा शिक्का नको. अडचण इथेच आहे: तेव्हा टोळी दुसऱ्या जिल्ह्यात असते. म्हणून तपासणीच्या नोंदीचे कार्ड मजुराच्या हातात द्या आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला ही फेरतपासणी बंधनकारक करा.

पाणी, सावली आणि विश्रांतीचा नुसता आदेश फडात कुणी पाळणार नाही. मजुरी टनावर आहे. सावलीत बसलेला तास कोयत्याच्याच हिशेबातून जातो. तो कारखान्याच्या खर्चात धरायला लावणे आपल्या एकट्या खात्याचे काम नाही. कामगार आणि सहकार खात्याला यंदाचा गाळप हंगाम सुरू होण्याआधी सोबत बसवा.

आपले,
किडनीविकारांवर काम करणारे डॉक्टर व आरोग्य कर्मचारी