रिकाम्या गाडीत आवाज सापडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा झाला, गुऱ्हाळं पेटली आणि मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरायला लागले. नेमक्या याच दिवसांत गगनबावडा रस्त्यावरच्या आम्हा पिकअपवाल्यांच्या जुन्या गाड्यांना कंठ फुटतो. “चाकातनं आवाज येतोय, पण सारखा नाही” ही तक्रार सध्या कुठल्याही गॅरेजात जा, ऐकायला मिळेल. मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं : “सोडून जा, बघतो.” आणि संध्याकाळी काहीतरी बदललेलं असतं.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की आपण मेकॅनिकला पार्ट बसवण्याचे पैसे देतो, दोष शोधण्याचे देत नाही. म्हणून तो शोधत बसत नाही, बदलत सुटतो.

माझी गाडी बारा वर्षांची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). पावसाळ्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आमच्या ओढ्याचं पाणी मागं फिरतं आणि शेडमध्ये शिरतं. २०१९ आणि २०२१ साली तर विचारूच नका. यंदाही गाडी काही दिवस अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी उतरलं, गाडी धुतली, चालू केली, छान चालली. आवाज आला तो हंगाम सुरू झाल्यावर. गूळ भरून कळ्याहून कोल्हापूरला निघालं की मधेच घुर्रर्र, पुढं गप्प. येताना रिकामी गाडी अगदी शहाण्यासारखी.

आधी ज्या गॅरेजात गेलो त्याचं नाव घेत नाही, कारण इतरत्र काही वेगळं झालं असतं असं वाटत नाही. पोरानं रिकामी गाडी चौकापर्यंत फिरवून आणली, आवाज आला नाही. तरी पुढचे ब्रेक पॅड बदलले. मग मागच्या ड्रम ब्रेकचे लायनर. नंतर प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, बदलायची भाषा सुरू झाली. येणारा-जाणारा आवाज असाच फसवतो. तो स्वतःहून दोन दिवस गप्प बसला की नुकताच बदललेला पार्टच दोषी होता असं मालकालाही वाटतं आणि मेकॅनिकलाही. मग तिसऱ्या दिवशी पुन्हा घुर्रर्र.

शेवटी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं जिथं घडली, त्या गल्ल्यांत नुसत्या कानावर दोष पकडणारी माणसं अजून आहेत. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. म्हणाले, “रिकामी गाडी काय बोलणार मर्दा? माल भरून आण.”

भरून नेली. त्यांनी आधी चारी चाकांचे नट पान्यानं तपासले. नट ढिला असेल तर बाकीचं निदान करायला माणूस शिल्लक राहत नाही, हे त्यांचं म्हणणं. मग शेजारी बसले, काचा खाली घेतल्या, टेप बंद करायला लावला आणि शिरोलीच्या बाजूला चला म्हणाले. सपाट, मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ न्यूट्रल करायला लावलं. (उतारावर हे कुणी करू नये.) इंजिन मंदावलं, पण घुरघुर चाकाच्याच वेगानं चालू राहिली, म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. डांबरावरून काँक्रीटवर गेलो तरी आवाज तोच. टायरचा आवाज असता तर रस्ता बदलला की त्याचा सूर बदलला असता. ब्रेक हलका दाबला, काही फरक नाही. नवे पॅड आणि लायनर उगाचच बदलले गेले होते, हे तिथंच कळलं.

क्रॉसचं त्यांनी मला हिशेबानं समजावलं. आमच्या १५ इंची रिमच्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला अडीच वेळा फिरतं, तो ठेका कानानं मोजता येतो. शाफ्ट त्याच्या चौपट वेगानं फिरतो. शाफ्टची खटखट असेल तर ती इतकी भरभर येते की मोजताच येत नाही. आमची घुरघुर चाकाच्या फेऱ्याबरोबर कमी-जास्त होत होती.

मग वळणं. उजवीकडे वळलो की घुर्रर्र, डावीकडे वळलो की बंद. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो, आणि माल असला की तो आणखी वाढतो. म्हणून भरलेली गाडी बोलत होती आणि रिकामी गप्प होती. मी छातीठोक सांगत होतो की आवाज मागच्या चाकातून येतोय. ते हसले. आवाज चेसीवरून कुठंही जातो, म्हणाले, बसणाऱ्याच्या कानावर जाऊ नये.

परत आल्यावर माल उतरवून, मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावून डावं पुढचं चाक जॅकवर घेतलं. वर एक हात, खाली एक हात धरून चाक हलवलं, तर किंचित खेळ लागला. मला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवलं, खेळ गेला. म्हणजे ढिलाई बेअरिंगमध्ये. ब्रेक दाबूनही चाक हललं असतं तर बॉल जॉइंट (चाक वळवणारा सांधा) वगैरे बघावा लागला असता. हे करायला पाना लागत नाही, फक्त दोन माणसं लागतात. आधीच्या गॅरेजात ती होती.

हब (चाकाचा मधला तुंबा, ज्यात बेअरिंग बसतात) उघडलं तर ग्रीस ताकासारखं पांढरट झालेलं. आतल्या बेअरिंगच्या कपावर (रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर) गंजाच्या रेघा, सारख्या अंतरावर. गाडी पाण्यात उभी असताना रोलर जिथं टेकले होते, बरोबर तिथं. दोन्ही बेअरिंग कपांसकट बदलली, ऑइल सील नवं, स्प्लिट पिनही नवी. नट आवळताना ते चाक फिरवत राहिले, मग थोडा मागं घेतला. कचकचून आवळलेलं बेअरिंग तापून जळतं, हे अनेक ‘बरोबर आवळून टाक’ म्हणणाऱ्या मालकांना सांगायला हवं.

बिलात त्यांनी माल भरून फेरी मारल्याची आणि तपासणीची मजुरी वेगळी लिहिली होती. शेजारी उभा असलेला एक गिऱ्हाईक म्हणाला, “नुसतं फिरून आल्याचे कसले पैसे?” आमच्याकडे हीच अडचण आहे. पोरांचंही मी समजू शकतो. दिवसाला किती गाड्या बाहेर काढल्या यावर त्यांचा पगार ठरतो, भरलेली गाडी घेऊन तासभर कोण फिरणार? सगळ्याच गॅरेजांनी तपासणीची मजुरी उघडपणे वेगळी लावावी आणि आपण ती घासाघीस न करता द्यावी. न लागलेल्या पार्टांवर गेलेल्या पैशांपेक्षा ती माझ्या बाबतीत कितीतरी कमी होती. गिऱ्हाइकानंही जाताना नीट सांगावं : माल होता का, वेग किती, वळण कुठल्या बाजूचं, ब्रेकला फरक पडतो का, रस्ता ओला होता का. “आवाज येतोय” एवढ्यावर कुणीच काही करू शकत नाही.

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी आरटीओचा फिटनेस दाखला काढावा लागतो. पण तिथंही आपण गाडी धुऊन, रंगवून आणि रिकामीच नेतो. त्या कागदाच्या भरवशावर चाकाच्या आवाजाकडे कुणी काणाडोळा करू नये.

यंदा ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी आवाजाची वाट न बघता पुढच्या दोन्ही हबच्या कॅप काढून ग्रीस बघून घ्यावं. पांढरट दिसलं तर हब उघडून बेअरिंग धुऊन तपासावीत, आणि तोवर माल भरून गगनबावड्यापुढचा करूळ घाट उतरू नये.

आपला,
एक पिकअपचालक,
कळे, जि. कोल्हापूर