खालिद जमीलविषयी मित्रास पत्र

मुंबई,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये तू स्वतः हजर होतास, त्यामुळे सिंगापूरने भारताच्या फुटबॉल संघाला १-२ असे हरवून आशियाई चषकाची आपली वाट बंद केली याचा संताप तुझ्या ओळीओळीत दिसतो. त्या जखमेवर गेल्या आठवड्यात ढाक्याच्या ०-१ ने मीठ चोळले. बांगलादेशाकडून आपण २२ वर्षांनी हरलो, तेव्हा तू रागावू नकोस असे मी म्हणणार नाही. मात्र आपल्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाविषयीचे ‘खालिद जमील हा घाबरट प्रशिक्षक आहे’ हे तुझे वाक्य मला मान्य नाही. त्याला बचावाची सवय आहे, हे खरे. ती सवय भित्रेपणातून आलेली नाही, हे तुला पटवून देण्यासाठीच हे लांबलचक पत्र लिहितो आहे.

खालिदचा जन्म कुवेतचा, पण फुटबॉलपटू म्हणून तो घडला तो आपल्या मुंबईत. मध्यरक्षक म्हणून तो महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया या संघांकडून खेळला, भारताच्या संघातही त्याची निवड झाली. त्या काळात कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांच्या नावाला मद्यकंपन्यांचे नाव जोडलेले होते आणि तेवढ्याच कारणासाठी त्याने तिकडे जाण्याचे नाकारले, असे वृत्तपत्रांतून छापून आले आहे. पुढे दुखापतींनी त्याला गाठले. २००७ साली मुंबई एफसीची स्थापना झाली तेव्हा तो खेळाडू म्हणूनच तिथे दाखल झाला होता, पण शरीर साथ देईना. अखेर २००९ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, त्याच क्लबने त्याला मुख्य प्रशिक्षक केले. काल ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले त्यांना आज संघातून वगळायचे, हे काम किती अवघड असेल याचा तू विचार कर. खेळाडू म्हणून ज्यांची कारकीर्द भरगच्च झाली, त्यांचा दरारा आपोआप असतो. खालिदला तो कमवावा लागला.

मुंबई एफसीची ती सात वर्षे तू फारशी पाहिली नाहीस, कारण तोपर्यंत तू मडगावला गेला होतास. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू दुसरीकडे, आणि मुंबईतील कूपरेज मैदानाचे काम निघाले तेव्हा मुंबईच्या या संघाला घरचे सामने खेळण्यासाठी पुण्याला बालेवाडीला जावे लागत असे. पुढे कूपरेजवर कृत्रिम हिरवळ आली आणि आम्ही काही जण नियमाने जाऊ लागलो. संघ एका गोलने पुढे असला की शेवटच्या काही मिनिटांत दोन्ही बाजूंचे बचावपटू मधली रेषा ओलांडत नसत; खालिद मैदानाच्या कडेला उभा राहून, दोन्ही तळवे खाली दाबत, एकेकाला मागे सरकण्याची खूण करीत राही. आमच्यातले काही जण त्याला शिव्या घालीत. मीही कंटाळलो होतो, हे लपवत नाही. परंतु ज्या संघाला खालच्या श्रेणीत घसरण्याची धास्ती दरवर्षी असे, तो त्याच्या सात हंगामांत एकदाही आय-लीग या तेव्हाच्या देशातील वरच्या लीगमधून खाली गेला नाही. तो गेला आणि २०१६-१७ च्या पहिल्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून बाहेर पडली. त्यानंतर क्लबच बंद झाला. मुंबईकरांना त्याची किंमत कळली तेव्हा कूपरेजवर पाहायला काही उरले नव्हते.

त्याच हंगामात खालिद मिझोरमच्या ऐझॉल क्लबाकडे होता. तिथली कथा तुला ठाऊक आहे, पण ऐझॉलला ती जागा मिळाली कशी, हे तू गोवेकर असूनही विसरतोस. २०१५-१६ मध्ये पुण्याचा डीएसके शिवाजियन्स तळाला होता. त्याला घसरणीतून सूट असल्यामुळे त्याच्या वर असलेल्या ऐझॉललाच खाली जावे लागले. नंतर साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तुमच्या क्लबांनी फुटबॉल महासंघाच्या धोरणावर रुसून लीग सोडली, संघ कमी पडले आणि मिझोरमच्या या लहान क्लबाला परत बोलावण्यात आले. खालिदने मुंबईतून जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांना सोबत नेले, म्हणजे कूपरेजचा थोडासा अंश तिथेही होता. स्थानिक मिझो मुले वेगवान होती, दमणे त्यांना माहीत नव्हते, आणि सीरियाचा अल अम्ना मध्यभागी चेंडू थोपवून धरीत असे. खालिदने त्यांना जागा सोडू नका, घाई करू नका, एवढेच शिकवले असावे असे वाटण्याइतका त्यांचा खेळ सोपा दिसे.

२२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलला मोहन बागानशी गाठ पडली. गोलशून्य बरोबरीच होणार असे वाटत असताना ८३ व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्टेने हेडर मारून सामना जिंकून दिला. मग ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एक गुण पुरेसा होता. डिकाने सुरुवातीलाच लाजाँगला पुढे नेले. मध्यंतरापर्यंत ऐझॉल मागेच होता आणि तिकडे कोलकात्यात बागानचा सामना त्याच वेळी चालू होता. अशा वेळी घाबरट प्रशिक्षक काय करतो? सगळ्यांना पुढे पाठवून देतो आणि नशिबावर हवाला ठेवतो. ऐझॉलने आपली ठेवण मोडली नाही. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि ३७ गुणांसह, बागानपेक्षा फक्त एका गुणाने पुढे राहून, ईशान्य भारतातील संघ प्रथमच देशाचा विजेता झाला.

त्यानंतर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोघांनीही त्याला बोलावले. तिथे तो फारसा रमला नाही. हजारो लोक गोल मागत असताना एक-शून्यची राखण करणारा माणूस कोलकात्यात कुणाला आवडणार?

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये परदेशी प्रशिक्षक आणि त्याच्या हाताखाली एक भारतीय सहायक अशीच रीत होती. नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये खालिदही तसा सहायकच होता. २०२०-२१ चा सारा हंगाम साथीमुळे तुमच्या गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. जानेवारीत जेरार्ड नुस यांना काढून संघ तात्पुरता खालिदकडे सोपवण्यात आला, आणि उरलेल्या साखळीत तो एकही सामना हरला नाही. उपांत्य फेरीपर्यंत संघ नेणारा तो पहिला भारतीय ठरला. पुढच्या हंगामात त्याला कायम केले, तर नॉर्थईस्ट दहाव्या क्रमांकावर घसरला. जमशेदपूरला मात्र त्याचे बस्तान बसले. २०२४-२५ मध्ये उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात त्यांनी बागानला २-१ ने हरवले, आणि परतीच्या सामन्यात भरपाईच्या वेळात बागानच्या अपुइयाने गोल केला नसता तर दोन्ही सामन्यांची मिळून गोलसंख्या बरोबरीत राहिली असती. सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने त्यांना ०-३ ने झोडपले, तेव्हा तू फोनवर किती वेळ हसत होतास ते मला आठवते.

या सगळ्यातून माझे मत असे झाले आहे की, खालिद हा दुबळ्या संघाचा उत्तम प्रशिक्षक आहे. समोरचा वरचढ आहे हे मान्य असले की त्याचा संघ सुरेख खेळतो. राष्ट्रीय संघाचा ऑगस्टपासूनचा प्रवासच पाहा. सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणसाच्या हाती संघ आला. क्लबांनी खेळाडू सोडण्यात खळखळ केली, बागानचे कुणीच आले नाहीत, तरी मध्य आशियाई देशांच्या नेशन्स चषक स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्याच हिसोरमध्ये २-१ ने हरवले आणि ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. सिंगापूरच्या मैदानावर संदेश झिंगनला लाल कार्ड मिळाले, दहा जण उरले, आणि अखेरच्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. पाच दिवसांनी फातोर्ड्यावर मात्र अकरा जण, घरचे प्रेक्षक, छांगटेचा तो लांबून मारलेला देखणा गोल आणि १-० ची आघाडी, एवढे सगळे हाताशी होते. त्या आघाडीचे पुढे करायचे काय, हेच त्या संघाला उमगले नाही. सिंगापूरच्या साँगने ४४ व्या आणि ५८ व्या मिनिटाला गोल केले आणि आपण हललोच नाही.

हा दोष खालिदचा नाही असे मी म्हणत नाही. सामना आपल्या ताब्यात आला की तो पुढे कसा रेटायचा, हे त्याच्या कारकिर्दीत त्याला क्वचितच करावे लागले, आणि ते आता, वयाच्या ४८ व्या वर्षी, तो राष्ट्रीय संघावर शिकतो आहे. पण त्याच्या हाती आले काय, हेही पाहा. आयएसएलचा यंदाचा हंगाम अजून सुरूच झालेला नाही. खेळाडूंच्या पायांत सामने नाहीत. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतील पहिल्या सामन्यांचे गुण त्याच्या आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात वाया गेले होते. सुमारे १७० अर्जांतून त्याला निवडणाऱ्या महासंघाला तो नेमका कशात तरबेज आहे हे माहीत असायला हवे होते. तू सगळा राग एकट्या त्याच्यावर काढतोस, ते मला अन्यायाचे वाटते.

मार्चमध्ये हाँगकाँगशी घरचा सामना उरला आहे. निकालाने काही बदलणार नसल्यामुळे त्याने तरुण मुलांना खेळवावे आणि एकदा तरी आघाडीवर असताना बचावपटूंना मधली रेषा ओलांडू द्यावी, असे मला वाटते. जवळपास कुठे तो सामना ठेवला तर आपण दोघे मिळून जाऊ. तिकिटे तू काढ, प्रवासाचे मी पाहतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर सविस्तर पाठव.

तुझा,
जुना कूपरेजकर