प्रोबायोटिकची पुडी आणि केमोचा रुग्ण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘जिवाणू आतड्याचा कर्करोग बरा करणार’ अशा बातम्या मोबाइलवर फिरतात आणि केमो चालू असलेल्या रुग्णांचे नातेवाईक मिरज-सांगलीच्या औषध दुकानांत प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला उपयोगी मानल्या जाणाऱ्या सूक्ष्मजीवांची, पुडी मागू लागतात. काळजी वाटते म्हणून हे पत्र.

संशोधन खरे आहे, आशा वाटावी असेच आहे. ‘ई. कोलाय निसल 1917’ हा निरुपद्रवी जिवाणू कर्करोगाच्या गाठीत ठाण मांडतो. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये त्यात जनुकीय बदल केले. तो कर्कपेशींना चिकटतो आणि ब्रोकोलीतल्या एका घटकापासून त्या पेशींना मारक असे सल्फोराफेन तयार करतो. गाठी कमी झाल्या, पण उंदरांच्या. उलट ‘फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम’ हा तोंडातला जिवाणू याच गाठीत शिरला की केमोचा परिणाम कमी करतो. तेव्हा सगळेच जिवाणू रुग्णाच्या बाजूचे नसतात.

दुकानातल्या पुडीत तो बदललेला निसल नसतोच. असतो लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस क्लॉसाय किंवा सॅकरोमायसिस बोलार्डी. यातला शेवटचा तर जिवाणूही नाही, यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी आहे, आणि खरा धोका त्याचाच. पुडी फोडताना बारीक पावडर उडते, बोटांना लागते. त्याच हाताने छातीतल्या पोर्टला (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) किंवा सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत घातलेली नळी) स्पर्श झाला तर यीस्ट थेट रक्तात जाते. रुग्णाने पुडी घेतलेली नसली, शेजारच्या खाटेवर कुणी फोडली, तरी असे होऊ शकते. हातमोजे घालून, खोलीबाहेर फोडायची असते ती यासाठीच. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना हे यीस्ट देऊच नये, असे युरोपात 2017 पासून बजावलेले आहे.

केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. या काळात आतड्याचे अस्तरही सोललेले असते, त्यामुळे एरवी निरुपद्रवी जिवाणूही रक्तात उतरू शकतात. जुलाब लागले म्हणून परस्पर पुडी देऊ नका, केमो देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. ताप 100.4 फॅरेनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. आधी गोळी दिली की ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग आत वाढतच राहतो.

आपणास एकच विनंती. अशी बातमी छापताना प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, हे मथळ्यातच यावे. नातेवाईक मथळा वाचूनच दुकानात येतात.

आपले,
कर्करोगाची औषधे हाताळणारे काही फार्मासिस्ट,
मिरज (जि. सांगली)