नाताळच्या केकबरोबर बालसंगोपनाचा अर्जही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आगमनकाळ (नाताळआधीचे चार आठवडे) लागला की नागपुरातल्या सदर, मोहननगरपासून कामठीपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्या केक, स्वेटर, ब्लँकेटं घेऊन बालगृहांत जातात. जावं जरूर. फक्त लाल टोप्या घातलेल्या मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शुद्ध भक्ती कोणती हे सांगताना याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा एकाच वाक्यात येतात. आपण अनाथाला भेटायला बालगृहात जातो आणि विधवेला विसरतो. बालगृहातल्या पुष्कळ मुलांची आई हयात असते. घर चालत नाही म्हणून ती लेकराला तिथे ठेवते.

अशा घरांसाठी राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. १८ वर्षांखालच्या पात्र मुलामागे महिना २,२५० रुपये. विधवा किंवा टाकलेली आई, आजीजवळ वाढणारी नातवंडं, दुर्धर आजारानं खाटेला खिळलेले पालक, सगळे यात बसू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे जातो, गृहचौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते.

घोडं अडतं कागदांवर. नवऱ्याचा मृत्यू घरी झाला असेल तर २१ दिवसांत नोंद करायची राहून जाते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईचे त्यात किती खाडे पडतात ते विचारू नका. मंडळीच्या दफन नोंदवहीतला उतारा इथे चालत नाही. महापालिकेचा मृत्यू दाखलाच हवा. म्हणून अंत्यविधीनंतर त्याच आठवड्यात मंडळीतल्या कुणीतरी झोन कार्यालयात जाऊन यावं. दुसरी अडचण नावाची: आधारवर बाप्तिस्म्याचं नाव, शाळेच्या बोनाफाईडवर घरचं. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे अद्ययावत करायचेही राहतात. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही पोचत नाहीत. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रात मिळतो, पण त्यालाही वेळ लागतो, तेव्हा तो आधी मागावा.

सगळं जुळूनही पैसे कधी कधी थकतात. दोन मुलांचे तीन महिने थकले तर १३,५०० रुपये होतात. तेवढ्या काळाचा किराणा आणि शाळेच्या ऑटोचा खर्च मंडळीनं उचलला तर मूल घरीच राहील. एखाद्या स्नेहभोजनाचा खर्चही सहज इतका होतो. मात्र या मदतीला प्रार्थनेला येण्याची अट नको. मूल कोणत्या धर्माचं, हेही विचारायचं कारण नाही.

स्टेशनवर किंवा सीताबर्डीच्या बाजारात एकटं मूल दिसलं तर दया आली म्हणून घरी नेऊन ठेवू नये. १०९८ वर फोन करावा. मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावं लागतं.

रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात एक टेबल, फॉर्म भरता येणारी दोन माणसं आणि प्रत्येक घराची वेगळी फाईल, एवढ्यावर हे काम सुरू होतं. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्यावी; पाठपुराव्याला गेलं की पहिल्यांदा तेच विचारतात.

आपला,
एक वाचक, मोहननगर, नागपूर