आधी एक मासा ठरव, बाकीचे त्याच्या हिशोबाने

प्रिय समीर,

टँकचा फोटो बघितला, मस्त जागा निवडलीयेस, आणि खालची माशांची लिस्ट वाचून लगेच लिहायला बसलो. दोन गोल्डफिश, एक फायटर, चार गप्पी, दोन एंजल, एक सकर. यातलं अजून काही आणलं नाहीस हे फार बरं झालं, कारण मासे सगळे छान आहेत रे, पण यांचं एकमेकांशी जमणार नाही.

तुझा टँक ६० बाय ३० बाय ३० सेंमी, म्हणजे हिशोबाने ५४ लिटर, आणि वाळू-दगड टाकले की पाणी त्याहून कमीच. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं, साधारण १८ ते २२ डिग्री, फायटरला २५-२६ च्या पुढे बरं वाटतं, म्हणजे हीटर कितीवर लावलास तरी कोणीतरी त्रासात. शिवाय गोल्डफिश घाण भरपूर करतो आणि मोठाही होतो. सकर विकत घेताना बोटाएवढा असतो, शेवाळ खातो म्हणून देतात, पण तो वाढून फूटभर होतो, तुझ्या टँकची रुंदीच तेवढी आहे! एंजल लहान असताना गरीब दिसतो, मोठा झाला की तोंडात मावेल तो मासा गिळतो. आणि फायटर गप्पीची झुलती रंगीत शेपूट बघून दुसरा नर फायटर आलाय असं समजून तिच्यावर धावून जाऊ शकतो.

म्हणून मी तुला सांगेन की एकच मासा मनापासून निवड आणि बाकीचे त्याला सोसतील असे घे. फायटरच हवा असेल तर एकच नर ठेव, सोबत फारतर गोगलगाय. टायगर बार्ब तर चुकूनही नको, त्यांना दुसऱ्यांचे पर कुरतडायची खोड असते, फायटरची शेपूट पार झिरझिरीत करून टाकतील.

मला विचारशील तर मी हार्लेक्विन रासबोरा घेईन, आठ तरी, कारण हे थव्यातले मासे, दोन-तीनच ठेवले की घाबरून कोपरा धरून बसतात, आणि थवा असला की अंगावरचा तो काळा त्रिकोण घेऊन सगळे एकदम वळतात ते बघण्यासारखं असतं. ते मधल्या थरात फिरतात, म्हणून तळाला सहा पिग्मी कोरी, जेमतेम अडीच सेंमीचे. यांना बारीक वाळूच लागते हं, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात, आणि त्या मिशांनीच तर ते खाणं शोधतात. मधेच एखादा कोरी सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेऊन परत खाली येईल, घाबरू नकोस, ते हवा गिळून आतड्यातून श्वास घेतात. दोघांनाही २४-२५ डिग्री आणि मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी चालतं, कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर मात्र हा बेत सोड आणि गप्पी घे, त्यांना जडच पाणी आवडतं, पण नुसते नर घे नाहीतर महिन्या-महिन्याला पिल्लं होतील आणि टँक पुरणार नाही.

आणि प्लीज घाई करू नकोस. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, यातले अमोनिया आणि नायट्राइट विषारी, आणि हे बॅक्टेरिया जमायला चार ते सहा आठवडे सहज जातात. तोवर मासे न टाकता फिल्टर चालू ठेव, रोज चिमूटभर खाणं टाक म्हणजे त्यातून अमोनिया होऊन बॅक्टेरियांना काम मिळेल. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट दिसतंय असं झालं की आधी रासबोरा आण, दोन-तीन आठवडे थांब, परत टेस्ट कर, मग कोरी. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नकोस, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, टँकमधूनच काढलेल्या पाण्यात हलवून घे.

पाण्याचा पीएच (आम्लता) आणि हार्डनेस (जडपणा) मोजून कळव, मग रासबोरा की गप्पी ते फोनवर ठरवू.

तुझा,
विनय