ट्यूब मी बरोबर आणली आहे

फलटण, रविवार रात्री

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

खिडकीतली मलमाची ट्यूब शोधत बसू नकोस. ती मी पर्समध्ये घालून आणली. टूथपेस्टसारखी शेपटीकडून गुंडाळत आणलेली दिसली, तेव्हाच कळलं की हे चार दिवसांचं प्रकरण नाही. स्वारगेटला एसटीत बसल्यावर चष्मा लावून मागचं बारीक अक्षर वाचलं. क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड, टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध आणि आणखी दोन. एका ट्यूबमध्ये चार औषधं! खाली इशारा, की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. तुझ्याकडे आहे चिठ्ठी?

मला म्हणालास, "आई, घामोळं आहे." माळ्यावरून बॅग काढायला हात वर केलास तेव्हा शर्ट उचलला गेला आणि मला कमरेवरचं दिसलं. रुपयाएवढं गोल, कड लाल, उचललेली, खपल्यांची, आणि मधली कातडी जवळजवळ साफ. घामोळ्याला अशी कड नसते रे. ते गजकर्ण आहे, बुरशीचा रोग. कमरेवर आहे तर जांघेतही असणार. ते तू मला सांगणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांना हे होणारच. एका खोलीत चौघं, पावसाळाभर दोरीवर न वाळलेले कपडे, दिवसभर अभ्यासिकेत खुर्चीला चिकटून बसायचं आणि तेही जीन्स घालून. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत मला दोनच टॉवेल दिसले. चौघांत दोन!

ट्यूब लावली की खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ती चांगली वाटते. मलाही वाटली होती. तू आठवीत होतास तेव्हा माझ्या गालांवर वांग आले होते. मेडिकलमधून एक गोरं करणारी क्रीम आणली आणि वर्षभर लावली. पहिले दोन महिने सगळ्या बायका विचारायच्या, काय लावतेस म्हणून. मग गाल लाल राहायला लागले, उन्हात गेलं की आग व्हायची, हनुवटीवर केस आले. टिळक रोडच्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब हातात घेऊन एवढंच विचारलं, "हे किती महिने?" क्रीम बंद केल्यावर चेहरा आधी इतका भडकला, की तुझ्या आत्याच्या घरच्या कार्यालाही मी गेले नाही. तेव्हा सगळ्यांना ताप आलाय म्हणून सांगितलं होतं.

त्यांनीच समजावलं होतं, की अशा क्रीममधलं स्टेरॉइड सूज आणि खाज दाबतं, बुरशीला मारत नाही. उलट कातडीची लढाई थांबते, बुरशी आतल्या आत पसरते आणि कड पुसट होते, मग डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. जांघेची कातडी मुळात पातळ. तिथे महिनोन्‌महिने लावलं तर पोटावर बाळंतपणानंतर उठतात तसे चरे उठतात, ते जात नाहीत. २०१८ पासून अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तरी मेडिकलवाला देतो, आणि आपण मागतो.

तेव्हा याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पाटीवर लेझर आणि केस वाढवून मिळतील लिहिलंय म्हणून आत शिरू नकोस. नावापुढे एमबीबीएस आणि त्यानंतर त्वचारोगाची एमडी किंवा डीव्हीडी ही पदविका आहे का ते बघ. फी जास्त वाटली तर स्टेशनजवळ ससून आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ. जायच्या दिवशी अंगाला काही लावू नकोस. कडेची खपली ब्लेडने खरवडून काचेवर घेतात, त्यावर औषधाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. दुखत नाही. बाई डॉक्टर असल्या तरी जांघेतलं दाखव, त्यांनी रोज पाहिलेलं असतं. ट्यूबचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आहे, तो दाखव आणि किती महिने लावली ते खरं सांग.

आणि अ‍ॅसिडिटीची गोळी घेतोस तेही सांग. गजकर्णावर इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल देतात, पोटातलं आम्ल कमी असलं तर त्या नीट अंगी लागत नाहीत. रूममेटच्या उरलेल्या गोळ्या गिळू नकोस. हल्ली ही बुरशी टर्बिनाफिनला पूर्वीसारखी दाद देत नाही. डाग दिसेनासा झाला तरी डॉक्टर थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही. ट्यूब बंद झाल्यामुळे खाज उसळेल, मला शिव्या दे, पण दुसरी आणू नकोस. (आजीला यातलं काही बोलले नाही, नाहीतर टाकळ्याचं बी ताकात वाटून डबा पाठवेल.)

पप्पा गुरुवारी डाळिंबं घेऊन मार्केट यार्डात येणार आहेत. त्यांच्याबरोबर सुती, ढगळ चड्ड्या सहा आणि इस्त्री पाठवते. कपडे गरम पाण्यात वेगळे धू, वाळले की शिवणींवरून इस्त्री फिरव. टॉवेल चार दिलेत. तुझ्या दोन टॉवेलांच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने 'सो' काढलंय. उरलेले त्या पोरांना दे, आणि त्यांच्या कमरेवरही एकदा बघ.

तुझी,
आई