चिऊ, टनेल अजून कापलेलं नाही

प्रिय चिऊ,

परवा फोनवर मी गाडीत नवीन इंजिन आणि गिअरबॉक्स बसवतोय म्हटल्यावर तू म्हणालीस की बाबा, मग ती 1969 ची शेवरोले कॅमारो राहणारच नाही, वरचा पत्रा तेवढा जुना आणि आत सगळं नवीन, आणि फोन ठेवलास. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फोनवर मला नीट सांगता येत नाही म्हणून लिहितोय, गॅरेजमधेच बसलोय, बाहेर बर्फ पडतोय आणि हीटर लावूनही बोटं गार आहेत.

आधी पत्र्याचं सांगतो, कारण तो तू बघितलेला नाहीस. मागच्या काचेखालच्या पन्हाळीत पाणी साचतं, तिथनं झिरपत झिरपत डिकीत उतरतं, ह्या गाड्यांचं हे जुनं दुखणं आहे, त्यात आपल्या मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ. डिकीचं कार्पेट उचललं आणि स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला खाली. आधीच्या कुणीतरी वरनं पुट्टी भरून रंग मारला होता. ते सगळं कापून नवीन पत्रा वेल्ड केलाय. ह्यावर तू काही बोलणार नाहीस हे मला माहितीय.

तुझा राग इंजिनावर आहे. पण तुला तो वुडवर्ड रस्त्यावरचा दिवस आठवतो का, जुन्या गाड्यांच्या त्या ड्रीम क्रूझ मिरवणुकीहून येताना पाऊस लागला होता आणि तू शेजारी बसली होतीस? डबक्यातनं गाडी गेली, जुन्या ड्रम ब्रेकमधे पाणी शिरलं, ब्रेकचे लायनर भिजले, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला तर एकाच बाजूचं चाक धरलं, गाडी सरळ शेजारच्या लेनमधे ओढली गेली. तिथे कुणी नव्हतं म्हणून आपण वाचलो. तू हसत होतीस, तुला ती मजा वाटली. मला त्या रात्री झोप लागली नाही बाळा, आणि खरं तर ह्या सगळ्या कामाची सुरुवात त्या रात्री झाली, हॉर्सपॉवरसाठी नाही.

आता चारी चाकांना डिस्क ब्रेक आहेत. मागचे स्प्रिंगचे पाटे काढले, कारण जोरात पिकअप घेतला की पाटा पिळला जातो आणि चाक रस्त्यावर थडथड उडायला लागतं, त्याजागी चार दांड्यांची जोडणी आणि कॉइलओव्हर, म्हणजे शॉकवरच बसवलेली गोल स्प्रिंग, आणि ती किट सगळी बोल्टावर बसणारी घेतली, मुद्दाम. पुढचं सबफ्रेमपण तसंच. ह्या गाडीची हीच गोष्ट मला फार आवडते, मागची बॉडी अखंड आहे पण इंजिन आणि पुढची चाकं धरणारं सबफ्रेम वेगळं, बोल्टांनी जोडलेलं. म्हणजे नवीन सबफ्रेम रॅक-पिनियन स्टिअरिंगसकट बसवलं तरी जुनं उद्या परत लावता येतं. जुनं मी साफ करून रंगवून भिंतीला उभं करून ठेवलंय. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. तुझ्या आजोबांनी उद्यमनगरच्या वर्कशॉपमधे हेच शिकवलं मला, उतरवलेला पार्ट नावानिशी ठेवायचा, कोल्हापुरात गिऱ्हाईक वर्षानं यायचं आणि आपला जुना वॉशरसुद्धा मागायचं.

आणि ते 350 इंजिन, ज्याच्यासाठी तू रडलीस, ते विकलेलं नाही. बोअर झिजलेला, निळा धूर, पण ब्लॉकवर गाडीच्याच नंबरचे आकडे ठोकलेले आहेत, असलं इंजिन परत मिळत नाही. ते स्टँडवर आहे, सिलिंडरमधे तेल टाकून झाकून ठेवलंय, महिन्यातनं एकदा मी क्रँक हातानं फिरवतो.

त्याच्या जागी एलएस3, शेवरोलेचंच नवीन पिढीचं इंजिन. कागदावर जुनं 250 हॉर्सपॉवर आणि हे 430, पण तुलना सरळ नाही कारण 1972 च्या आधी कंपन्या एअर फिल्टर, सायलेन्सर काहीही न लावता नुसतं इंजिन मोजून आकडा छापायच्या, म्हणजे खरा फरक ह्याहून मोठाच आहे. वर ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे गाडीच्या नाकावरचं वजन उतरलं, वळणात जाणवेल तुला. फ्युएल इंजेक्शनला पेट्रोलचं प्रेशर साधारण 58 पीएसआय लागतं, जुना पंप कार्बुरेटरला सहा-सात देत होता, म्हणून टाकी बदलून पंप आतच बसवला. थंडीत चोक ओढत, पेट्रोलचा वास घेत बसायला नको, किल्ली फिरवली की सुरू. आईसुद्धा नेऊ शकेल.

डिकीचा पत्रा सोडला तर इथपर्यंतचं सगळं परत फिरवता येतं. एकच गोष्ट नाही. टी-56 मॅग्नम गिअरबॉक्स, सहा गिअर, तो जुन्या टनेलमधे, म्हणजे दोन सीटांमधल्या फ्लोअरच्या उंचवट्याखाली, मावत नाही, फ्लोअरचा पत्रा कापून टनेल उंच करावं लागतं. मागच्या रविवारी खडूनं खूण केली, ग्राइंडर हातात घेतला आणि मग खाली ठेवला. फॅक्टरीत गाडीबरोबर आलेला तो मूळचा पत्रा, तेवढाच भाग ह्या गाडीत एकदाही गंजला नाही.

दुसरा पर्याय टीकेएक्स गिअरबॉक्स, पाच गिअर, कापाकापी जवळजवळ नाही. हायवेवर सहाव्या गिअरात इंजिन जेवढं शांत राहतं तेवढं ह्यात राहणार नाही एवढंच. मला सहा हवेत, खरं सांगतो, मी ते दोन वर्षं मनात धरून बसलोय. पण ही गाडी पुढे तुझ्याकडे येणार आहे.

खडूची खूण तशीच आहे. गिअरबॉक्स अजून मागवलेला नाही. तू 20 तारखेला येतेयस ना, जुने बूट आण, क्रीपरवर, त्या चाकांच्या फळीवर, झोपून खालनं बघ, हात लावून बघ, आणि मग मला सांग. तोपर्यंत मी वायरिंग करत बसतो.

तुझा
बाबा